अनोळखी मुलगा, क्षयरोग रुग्णालय

कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इकालुइत गावातल्या दवाखान्यात मीका नंबराची वाट पाहत होती. संग्रहालयातल्या जुन्या फोटोंखालच्या ओळी तीच लिहायची. तिनेच इथल्या भिंतीवर लावलेल्या एका फोटोपाशी दोन म्हातारी भावंडं उभी होती.

"जोआनासी, हा आपला सिमिओनीच."

"हळू बोल, ताई. खाली 'अनोळखी मुलगा' लिहिलंय."

"लिहिणारीला काय ठाऊक! क्षय झाला म्हणून दक्षिणेला नेणाऱ्या बोटीवर चढवला तेव्हाही असाच खांदा पाडून उभा होता. ओळखलंत तर संग्रहालयाला कळवा म्हणतायत, चल, सांगू."

"नको."

"अरे, आई मरेपर्यंत वाट बघत होती. इस्पितळात पोचला तरी होता, हे आज कळतंय!"

"नाव सांगितलं की पुढचंही शोधतील. कुठे पुरलाय तेसुद्धा."

"मग?"

"मग तो येणार नाही, हे नक्की होईल."

"सत्तर वर्षं झाली रे... पोरी, पेन आहे का? तूच लिही."

मीकाने पेन काढलं. "सांगा, आजी."

"सिमिओनी. आणि लिही, याची बहीण आहे अजून."

"भाऊपण लिही," जोआनासी म्हणाला.