चाळीस नंबर, ऐंशी नंबर

१९६८ साली, वडील गेल्यावर त्यांच्या मोटारीची बॅटरी विकायला मी सुरतेच्या एका दुकानात रांगेत उभी होते. पुढे सुती मिलमधले सुकदेव आणि त्यांची बायको होती. खानदेशात त्यांच्या गावी वीज नव्हती. लेकीच्या लग्नात लाउडस्पीकरला बॅटरी हवी होती.

“शेठ, बारा व्होल्ट तर दोन्हींवर लिहिलंय. खाली हिच्यावर चाळीस, तिच्यावर ऐंशी. मग ही चाळीसवाली द्या.”

“अहो, ऐंशीची घ्या ना,” बायको म्हणाली.

“ऐंशी नंबर म्हणजे बारीक सूत. चाळीस जाड, तुटायचं नाही. वीस वर्षं माग चालवतोय मी.”

“अरे भाऊ, हे सूत नथी! इथं आकडा मोठा, तेवढी बॅटरी जास्त वेळ चालते. चाळीसवाली दुपारीच उतरेल.”

“म्हणजे पोरीच्या पाठवणीला गाणं नाही?”

“नाही.”

“आणि ऐंशीवाली?”

“पाठवणी होऊन तुमचं रडून होईल, तरी वाजत राहील.”

“मी सांगत नव्हते?”

“तुला गं कसं कळलं? वाचता तर येत नाही.”

“तुम्ही वाचत होता तेव्हा मी दोन्ही उचलून पाहिल्या. ही दुप्पट जड आहे.”

“मग गाडीतून उतरल्यावर गावापर्यंत उचलणार कोण?”

“नवरीचा बाप!”