खोकणारी मैना

नाही, परत घेणार नाही. आठ दिवस झाले नेऊन आणि आता म्हणताय, मैना आजारी आहे, खोकते — अहो, आजारी पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतो, ही बघा कशी उड्या मारतेय. आणि काय केलंत म्हणालात? मध चाटवलात? घशासाठी? कमाल आहे. शाळेत शिकवता ना, मास्तर? पक्ष्याचा आवाज घशात नसतोच मुळी — तो खाली, छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात ना, बरोब्बर तिथे. पातळ पडदे असतात, हवा आली की थरथरतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालतात — एकाच वेळी दोन स्वर काढू शकतो पक्षी. आणि तुम्ही मध चाटवताय.

आजार नाहीये तो, शिकलेला आवाज आहे. पिल्लू जे ऐकतं ते उचलतं. म्हणून तर मी पिल्लं मागच्या खोलीत ठेवतो, पिंजऱ्यावर कापड, रोज सकाळी तीच एक शीळ — बाकी घरात भांडं वाजता कामा नये. आता भिंतीपलीकडे कोणी सहा महिने खोकत बसलं तर मी काय करू? कोणी म्हणजे — माझी बायको, दुसरं कोण. किती वेळा सांगितलं, पिल्लं बिघडतील, माझी मेहनत पाण्यात जाईल. मग उशीत तोंड खुपसून खोकायची. डॉक्टर? नेलं की. उशिरा नेलं — बोला, आणखी काय ऐकायचंय? मला वाटलं, साधा खोकला. राग तिचाच येतो, एकदा तरी भांडायचं होतं माझ्याशी. नाही भांडली. ती गेली आणि आठवड्यात ही सुरू झाली, हुबेहूब — म्हणून तर विकली. दुसरी घ्या. ती जोडी घ्या, फुकट न्या, पण हिला इथे ठेवू नका.

काय? खोकून झाल्यावर बोलते? काहीतरीच. मी हिला एक शब्द शिकवलेला नाही. थांबा, पिंजरा हलवू नका — हं, खोकली. आता —

'बाहेर जाऊन खोक' म्हणाली. ऐकलंत ना तुम्हीही? माझाच आवाज. असा बोलायचो मी? एकदोनदा ऐकून उचलत नाही हो पक्षी, रोज ऐकावं लागतं.

ठेवा तो पिंजरा तिथे. नको, दुसरी आज नको, उद्या या. निघा, मास्तर. दार ओढून घ्या.