मोहाखालची झोप

नाई, तुमीच सांगा, माणसानं झोपाले जावं तरी कुठं? घरी आमची रत्नमाला. बाई चांगली आहे, पण तिचं बोलणं सुरू झालं का फॅक्टरीचा भोंगा बरा, तो बंद तरी होते. अन् मी म्हणजे जवाहरनगरच्या फॅक्टरीत मशिनीजवळ जिंदगी काढलेला माणूस. रिटायर झालो, सानगडीकडं आपल्या गावी आलो, ठरवलं का आता फक्त झोपाचं. गावाबाहेर तलाव, पाळीवर मोहाचं झाड, खाली बाज टाकली. पाण्यात बदकं, तेबी मुकाट. काय झोप लागे, तुमाले सांगतो...

अन् मंग धोंड्याच्या महिन्यात जवाई आला. वीरेंद्र, भंडाऱ्याचा. रत्नमाला म्हणे, "जवाईबापू, मांगा काय पाह्यजे ते." मी मनात आंगठी धरून बसलो होतो. तं तो म्हणते, "मामाजी, तुमची झोपाची जागा दाखवा ना. मले शांतता पाह्यजे." आता धोंड्याच्या जवायाले नाई म्हणता येते का? नेलं. मी पडल्यापडल्या घोरलो, अन् ह्या पठ्ठ्यानं त्याचाच व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला. "असली सुकून देखना है तो यहाँ आओ!"

पुढच्या रविवारी डोळे उघडतो तं बाजेभोवती ही गर्दी. म्हटलं, कायले आले गा? तं म्हणते, "काका, शांतता पाह्यजे." शांतता पाह्यजे, अन् संगं डीजे आणला. एकानं माह्या उशाशी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजाले घेतले. एक देवकाबाई म्हणून होत्या, मले हलवून म्हणते, "भाऊ, पाय जरा आखडा, कणकेले मुंग्या लागून राह्यल्या, परात बाजेवर ठेवतो." आखडले. काय करता? तिचा नवरा म्हणते, "काका, जरा मोठ्यानं घोरा, व्हिडिओत आवाज येऊन नाई राह्यला." दुसरा डीजेवाल्यावर तापला, "बंद कर बे, काकाचं घोरणं आयकू येत नाई!" अन् त्या घोरण्यावरून दोघांची मारामारी. कायची? तं शांतता पाह्यजे म्हणून.

मी सरपंच मंगलाबाईकडं गेलो. म्हटलं, बाई, पाण्यात पत्रावळी तरंगून राह्यल्या, बदकं गाव सोडून गेली, काही तरी करा. बाईनं केलं. मोहाच्या झाडालेच भोंगा बांधला. आता माह्या डोक्यावर दिवसभर वाजते, "कृपया शांतता राखा, काका झोपले आहेत." अन् आवाज एवढा का पलीकडच्या गावचे लोक दचकून उठते!

खरं सांगतो, रडू आलं मले. माह्यी एवढीशी झोप, तेबी गावानं पाहाले ठेवली. म्हटलं, खड्ड्यात जाऊ द्या तलाव. ह्या रविवारी बाज उचलली अन् घरी आलो. अन् काय पाहतो, घरी कोणीच नाई. रत्नमालेनं तलावावर भज्याचं दुकान लावलं ना! अख्ख्या घरात आवाज नाई. चाळीस वर्षांच्या संसारात पह्यल्यांदा. पडलो. डोळा लागला...

तं दार धाडकन उघडलं. रत्नमाला, हाताले बेसन, मले गदागदा हलवून राह्यली. "आयकलं का, गिऱ्हाईक वापस जाऊन राह्यलं तिकडं, सारे तुमालेच विचारते. उठा बरं लवकर, तुमाले झोपाले उशीर होऊन राह्यला."