आरसा कोण फिरवणार?

सन्माननीय अध्यक्ष श्री. गोपाळकृष्ण आपटेसाहेब, व्यासपीठावर, म्हणजे पार्किंगमध्ये अंथरलेल्या त्या दोन सतरंज्यांवर, विराजमान झालेले आजचे सत्कारमूर्ती चिरंजीव दिग्विजय आणि सौभाग्यवती भाग्यश्री, माझी गच्चीवरची सहकारी हुस्नबानू तांबोळी, आणि जेवणाच्या आशेनं का होईना, पण चक्क वेळेवर जमलेल्या सभासद बंधू-भगिनींनो,

मी शालन दामले, दुसरा मजला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या मध्येच ‘तीन मिनिटं झाली’ असं म्हणून लोकांचं बोलणं तोडण्यात माझी हयात गेली. पुढे यंत्रं आली, घरोघरी फोन आले आणि मला स्वेच्छानिवृत्ती आली. तिच्यात स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नका. तर सांगायचा मुद्दा, आज माझं बोलणं कुणी तोडू नये. आपटेसाहेब, घड्याळ खिशात ठेवा.

आजचं जेवण वर गच्चीत शिजतंय. आजूबाजूच्या सोसायट्यांतून मागून आणलेले सोलर कुकर ओळीनं मांडलेत. गॅस पेटवायचा नाही, हा दिग्विजयचा हट्ट. आणि सगळ्यांना जेवू घातल्याशिवाय सामानाचा टेम्पो हलणार नाही, हा भाग्यश्रीचा. टेम्पो फाटकाशी उभा आहे, तो सगळ्यांना दिसतोच आहे. मी तिकडे बघत नाहीये.

ही दोघं अमरावतीकडून आली. नोकऱ्या हिंजवडीला, कॉम्प्युटरच्या. अशी जोडपी आली की आधी गाडी येते, मग मोठा टीव्ही, मग त्याहून मोठा टीव्ही. यांच्याकडे काय आलं? गांडुळं! हुस्नबानूच्या यजमानांनी, मन्सूरभाईंनी, मार्केट यार्डातून रिकामी पोती आणून दिली, त्यांत माती भरून यांनी गच्चीत वांगी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री पातेलं घेऊन माझ्या दारात. “काकू, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी फेकून नका देऊ ना. मला द्या.” अहो, साखर मागायला आलेली शेजारीण मी पाहिली होती. धुवण मागणारी पहिलीच!

दिग्विजयचं लहानपण टँकरच्या रांगेत गेलेलं. नळ थेंबभर गळला तरी त्याला झोप यायची नाही. आणि वीज? मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला, तो आकडा बघून म्हणाला, “मीटर बंद पडलाय.” दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हा पठ्ठ्या घरात पळाला, पंखा लावला, इस्त्री लावली आणि बाहेर येऊन ओरडला, “बघा बघा, फिरून राहिलाय!” त्या महिन्यात तेवढीच काय ती त्यांच्या घरात उधळपट्टी झाली.

मग आला सोलर कुकर. दिग्विजयनं मला समजावलं, “काकू, आता आम्हाला कुणाचीच गरज नाही. फक्त सूर्य पाहिजे.” मी म्हटलं, “वा!” पण सूर्य काही हिंजवडीच्या वेळा पाळत नाही. तो सरकतो. तो सरकला की कुकरचा आरसा फिरवावा लागतो. आणि ही दोघं तर सकाळीच कंपनीच्या बसमध्ये! मग आरसा कोण फिरवणार?

तिसऱ्याच दिवशी विचारणा झाली. “काकू, तुम्ही अकरा वाजता घरीच असता ना?” मी म्हटलं, “घरी असते, रिकामी नसते.” दार लावलं. आणि अकरा वाजता गच्चीत गेले. न जाऊन सांगते कुणाला? घरात फोन होता, पण तो वाजत नव्हता. उभ्या महाराष्ट्राचे आवाज ज्या कानांत येऊन गेले, त्या कानांत दिवसभर पंख्याची घरघर.

गच्चीत हुस्नबानू पापड वाळत घालत होती. एका जिन्यानं सात वर्षं चढलो-उतरलो, पण “पाणी आलं का?” याच्या पलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. तिनं आरसा फिरवला, मी म्हटलं, “जरा डावीकडे.” ती म्हणाली, “शालनताई, सूर्य तुम्हाला विचारून सरकतो का?” झालं! आरशाला अर्धं मिनिट लागलं आणि बोलायला दीड तास. तिथे तीन मिनिटांची अट नव्हती.

हळूहळू पाळ्याच लागल्या. अकराची माझी, बाराची हुस्नबानूची आणि एकची, दचकू नका, साक्षात आपटेसाहेबांची! वामकुक्षी सोडून हा माणूस छत्री घेऊन गच्चीत यायचा. ऊन लागू नये म्हणून छत्री उघडायचा आणि कुकरशेजारी उभा राहायचा. संध्याकाळी दिग्विजय विचारात पडायचा, ऊन कडकडीत असून वरण कच्चं कसं? छत्रीची सावली कुकरवर पडते, हे साहेबांना सांगायचं धाडस कमिटीत कुणालाच झालं नाही. आज केलं.

आता ही दोघं खडकवासल्याच्या पलीकडे स्वतःच्या जागेत चालली. विहीर आहे, गोबरगॅस बांधलाय, कंपनीनं घरून काम करायची मुभा दिलीय. टेलिफोनची लाइन तिथवर गेलीय, याची मी जातीनं चौकशी केली आहे. सगळं आहे. शेजार मात्र एका शेताच्या अंतरावर. बाळांनो, अभिमान वाटतो तुमचा. आणि रागही येतो, खूप येतो. तुम्ही वीज वाचवलीत, पाणी वाचवलंत. मलाही वाचवलंत, ते तुमच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

आपटेसाहेब पुन्हा घड्याळ दाखवताहेत. बरोबर आहे. बारा वाजून गेले. सगळी सोसायटी इथे खाली बसली आहे. मग वर आरसे कुणी फिरवले?

हुस्नबानू, उठू नकोस, बस. दिग्विजय, तूही बस रे. मला हे भाषणाच्या पहिल्या वाक्यापासून ठाऊक आहे. अकराची पाळी माझीच होती.

भात आता कच्चाच असणार. तो शिजायला संध्याकाळचे चार तरी वाजतील, आणि जेवल्याशिवाय टेम्पो हलायचा नाही, असं सत्कारमूर्तींनी स्वतःच ठरवलंय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी छत्रीचा उल्लेख सोसला, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कुणाच्या पोटात कावळे ओरडत असतील, तर त्या सर्वांची हात जोडून क्षमा मागते. या दोघांची मात्र मुळीच मागत नाही.

चला, आता सगळे वर. आरसे फिरवायचेत.