दाराच्या पोटातलं कुलूप

हॅलो?… कोण बोलतंय?… अगं चिमे, तू होय. नंबर न बघताच उचलला बघ. हाताला सगळा भुसा लागलाय…

हो, घरीच आहे. रजा टाकलीय आज… तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या? ठणठणीत आहे. तू आधी फोन कानाशी घट्ट धर, एखाद्या कोपऱ्यात सरक, आणि धाकट्या बहिणीसारखी मुकाट्याने ऐक. अशी गोष्ट सांगते की हातातला घास हातातच राहील…

नाही गं, कुणी गेलं नाही. अभद्र बोलू नकोस. आमच्या दाराची गोष्ट आहे…

हो, हो… ठोकाठोक तीच. मिस्त्री आलेत. जुनं लॅच काढून नवं कुलूप बसवून घेतेय. मॉर्टिस लॉक म्हणतात त्याला. दारावर बसत नाही ते, दाराच्या पोटात बसतं. बाहेरून दिसतं फक्त एक भोक आणि मूठ…

का म्हणजे? अगं, कोणीतरी घरात येतं. आम्ही दोघं कामावर गेलो की मागे कोणीतरी येऊन बसतं आणि निघून जातं…

भास नाहीत. मला भास झाले असते तर देवाचे झाले असते, उशीचे कशाला होतील? सोफ्यावरची उशी मी उभी ठेवून जाते. परत येऊन बघावं तर आडवी, मधोमध खळगा. चहापूड उतरतेय. खिडकीशी खुर्ची सरकलेली. आणि एकदा तर दोरीवरचे कपडे काढून घड्या घातलेल्या…

हसतेस काय? तुझे भावजीही असेच हसले. म्हणाले, घड्या घालून जाणारा चोर असेल तर त्याला पगारावर ठेवू, इस्त्रीचंही विचारून बघ…

काही गेलं नाही अजून. पण आज चहापूड, उद्या बांगड्या. पाणी आधी पायरीला लागतं, मग उंबऱ्याला…

संशय कुणावर म्हणजे? किल्ली कुणाकडे होती? आमच्या दोघांकडे आणि मावशींकडे. झाडू-भांडीवाल्या मावशी. आम्ही गेल्यावर त्या यायच्या, काम उरकून दार ओढून जायच्या. इतकी वर्षं. आणि आता ऐक, खरी गंमत पुढे आहे. एक दिवस त्याच मला म्हणतात, ताई, मी गेल्यावर तुमच्या घरात कोणीतरी येतं. मी ओटा लख्ख पुसून जाते, दुसऱ्या दिवशी त्यावर साखर सांडलेली असते…

बघ ना. स्वतःच सांगतात. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? मनात म्हटलं, बाई गं, आपल्यावर यायच्या आत दुसऱ्यावर ढकलतेय…

खरं का म्हणून सांगतील त्या?… चिमे, तू भोळी आहेस. घड्यांचंही तेच. इतक्या वर्षांत मावशींनी कधी कपड्याला हात लावला नाही, आणि आताच बरा पान्हा फुटला. मला वाटलं, लोणी लावतायत…

काढलं ना. गेल्या आठवड्यात तुला सांगितलं नव्हतं का? किल्ली घेतली आणि काढलं. तू नुसतं 'हं' म्हणालीस, मला आठवतंय. म्हटलं कामात असशील…

थांब हं एक मिनिट… काय मिस्त्री?… अहो, मला काय विचारता, कुलपाची जीभ उलटी तुम्ही बसवलीत ना? उतार त्या बाजूला हवा. दार ओढलं तर चौकटीवर आपटतंय नुसतं… हो, काढा, फिरवा आणि घाला परत… तुमचा फोन वाजला म्हणून जीभ उलटी बसली? बरं बरं…

हॅलो? हां. मिस्त्री गं. हाताने चांगले आहेत, पण लक्ष सगळं माझ्या बोलण्याकडे. तर हा झाला पूर्वरंग. आता उत्तररंग ऐक. मावशी गेल्या, किल्ली माझ्या हातात. मी निर्धास्त. आणि काल संध्याकाळी येऊन बघते तर उशीला पुन्हा खळगा…

हो ना. अंगावर काटाच आला. आणि पेपर. परवाचा पेपर घडी करून ठेवलेला, आणि नोकऱ्यांच्या पानावर एक चौकोन कापलेला. कात्रीने, सरळ…

वाचता येत नाही मावशींना, ते मलाही माहीत आहे. पण त्यांचा जावई आहे ना, काम नाही म्हणून घरात बसलेला. त्याच्यासाठी कापला असणार. म्हणजे बघ, किल्ली परत द्यायच्या आधी दुसरी बनवून घेतली. आता तो जावई येतो, पाय ताणून चहा पितो, पेपर वाचतो…

अगं, मी कुठे कुणाला बदनाम करतेय? पण संध्याकाळी आमच्या जिन्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे येणार आहेत. मावशी सगळ्यांकडेच कामाला आहेत. खालच्या डॉक्टरीणबाईंनी तर आधीच सुट्टी दिलीय त्यांना, थोडे दिवस म्हणून. बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघतायत. मी सांगितलं की ठेवा, तर ठेवतील. मी मान हलवली की सगळी दारं बंद…

खायचं काय त्यांनी? ते माझ्याही मनात येतं गं. रात्री झोप लागली नाही मला. पण साप हातात धरून त्याच्या पिलांची काळजी करू का?…

हो, हो… ऐकतेय. तू मावशींची इतकी बाजू का घेतेस आज?… बरं, नाही घेत म्हण…

कुलूप? हो, फार शोधून आणलं. दुकानदाराने चार-पाच मांडली समोर. एक दिसायला राणी, पितळी मूठ, नक्षी, आणि आत नुसता पत्रा. तो म्हणाला, बाई, चेहरा बघू नका, आत लिव्हर किती ते विचारा. लिव्हर म्हणजे आतल्या पट्ट्या. त्या जास्त असल्या की चावी सहज बनत नाही. आणि दाराची जाडी मोजून आणायला लावली. पातळ दार कोरून त्यात जाड कुलूप कोंबलं की दाराचं टरफल उरतं. आमचं दार चांगलं भरीव निघालं. मिस्त्रींनी बोटाने टकटक करून बघितलं, कलिंगड बघतात तसं…

हो, चौकटीलाही पट्टी, लांब लांब स्क्रू घालून. पण खरी गोष्ट पुढेच आहे. मिस्त्रींनी जुनं लॅच काढून हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, याला कुणी तार लावलेली नाही की पट्टी सरकवलेली नाही. ओरखडा नाही. हे चावीनेच उघडलंय…

तेच तर म्हणतेय मी…

तुझी? तुझी कुठली किल्ली?… अगं हो. लग्नाआधी आमच्याकडे राहिली होतीस तेव्हाची. ती तर हरवली म्हणालीस ना?… मग तिचं आता काय? हरवलेली किल्ली कुणाला सापडली असेल, असं म्हणतेस? आणि त्याला दारही नेमकं आमचंच सापडलं? काहीतरीच…

चिमे, तुझ्याकडेही ठोकतंय का गं कोणी?… ऑफिसात? फर्निचरचं काम? बरंच चाललंय की सगळीकडे सुतारकाम. मला तुझं नीट ऐकू येईना. थांब, निदान आमचं तरी बंद करते. मिस्त्री, जरा थांबता का?…

हं. आता बोल…

चिमे.

तुझ्याकडचंही थांबलं की.

…

नाही, मी काही म्हणत नाही. मिस्त्री, एकदाच ठोका. एकदाच हो… बस.

…

ऐकलं मी. दोन्ही कानांनी ऐकलं. एका कानाने दारातून, एका कानाने तुझ्याकडून.

फोन ठेवू नकोस. ठेवलास तर मी जिना उतरून येईन, आणि माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे…

कुठे आहेस? डॉक्टरीणबाईंच्या दारापुढे की त्याच्याही खाली?… पायरीवर बसलीयस. तरीच. तरीच फोन उचलल्या उचलल्या विचारलंस, आज घरी कशी म्हणून. मी घरी आहे हे तुला जिन्यातून दिसलं होतं…

रडू नकोस. आधी सांग…

हळू बोल, समजत नाही… कधीपासून?… कंपनीने पूर्ण विभागच बंद केला? आणि घरी काय सांगितलंस?… काहीच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतेस. आणि इथे येतेस…

हो… हो… सासूबाई काय म्हणाल्या असत्या? बोलल्या असत्या दोन शब्द. नोकरीवाली सून म्हणून चार ठिकाणी मिरवलंय त्यांनी, मान्य आहे. पण चिमे, मी काय सासू आहे तुझी? माझ्याच घरात माझ्या पाठीमागे…

ती जाहिरात तू कापलीस… आणि घड्याही तूच घातल्यास. आई घालायची तशा, बाह्या आत घेऊन. माझ्या डोळ्यांना दिसत होतं गं. आपल्या घरचा हात समोर घडी होऊन पडला होता, आणि मी त्यात मावशींचं पाप शोधत बसले…

रिकामं बसवत नव्हतं म्हणून घातल्यास. हो, आपल्याला सवयच तशी. लपून यायचं, पण चहाचा कप धुऊन ठेवायचा. तुझ्यासारखा चोर कुठल्या पोलिसाने पाहिला नसेल…

मिस्त्री, तुम्ही जरा खाली जाऊन चहा… नको नको, खाली नको. गॅलरीत बसा. पंखा लावा… अहो, कुलपाचं बघू नंतर…

हां, बोल. नोकरीचं मला काही वाटत नाही. नोकऱ्या येतात जातात. तुझ्या सासरी मी एक अक्षर बोलणार नाही, देवाच्या पायांवर हात ठेवून सांगते. पण एक विचारू? गेल्या आठवड्यात मी फोनवर सांगितलं, मावशींना काढलं. तेव्हा तुझ्या जिभेला काय झालं होतं?…

वाटलं होतं, मी पुन्हा ठेवेन त्यांना… राग उतरला की ठेवेन… आणि काल पुन्हा आलीस, पुन्हा उशीवर डोकं टेकलंस. तेव्हाही मावशी कुठे असतील, असं नाही आलं मनात?…

आलं होतं. बरं. आलं होतं म्हणालीस, एवढं तरी खरं बोललीस…

नाही, मी तुला एकटीला बोलत नाहीये. तू गप्प बसलीस, मी बोलत सुटले. त्यांनी आपणहून खरं सांगितलं, आणि मी त्यालाच पुरावा केलं. तुझ्यापेक्षा माझं जड आहे…

नाही, संध्याकाळपर्यंत नाही थांबायचं. बायका यायच्या आधी मी मावशींकडे जाणार. आणि तू माझ्याबरोबर येणार…

मी सांगितलं म्हणजे झालं कसं? मी काय सांगू, कोणीतरी येत होतं, कोण ते विचारू नका? मग त्यांच्यावरचा डाग जाईल? लोक म्हणतील बाई दयाळू आहे, चोराला माफ केलं. तुला म्हणावं लागेल, मी येत होते. तुमच्या पाठोपाठ मी येत होते. बस. नोकरीचं सांगू नकोस, हवं तर डोकं दुखायचं म्हणून यायचे म्हण…

खोटं नको? बरं. मग खरं सांग. तेच बरं…

मग जिन्यातल्या बायकांना कळेल, कळू दे. दोन दिवस बोलतील. मावशींबद्दल बोलल्या असत्या तर जन्मभर बोलल्या असत्या…

हो… हो, कळतंय मला. लाज वाटते. मलाही वाटतेय. दोघी मिळून वाटून घेऊ…

आता ऊठ तिथून. पायरी गार असते. वर ये, तोंड धू, चहा टाकते. उघडपणे पी एकदाचा… मिस्त्री असू देत, त्यांनाही कप देऊ…

आणि चिमे… ऐक ना. ठेवू नकोस इतक्यात. वर येताना माझ्यासाठी एक कर. मावशींना आठव. तू तिथे नव्हतीस म्हणून सांगते. मी किल्ली मागितली तेव्हा त्यांनी कमरेची काढून हातावर ठेवली, वाद नाही, रडणं नाही. बाहेर पायरीवर बसून चपला घातल्या. उठल्या, चार पायऱ्या उतरल्या, आणि परत वळून मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकट्या असता संध्याकाळी. दार नीट लावून घेत जा."

तेवढं आठवत ये.

ठेवते.