डाव्या कोपऱ्यातली फळी

जगदीश: फोटो कोणी कापला, शेठ?

सहदेव: आधी चपला बाहेर काढ. फरशी कालच पुसून घेतली आहे.

जगदीश: फोटो कोणी कापला?

सहदेव: हे बघ जगदीश, उद्या या हॉलचं उद्घाटन आहे. मंडपवाला येईल इतक्यात. मला तुझ्याशी भांडायला वेळ नाही.

जगदीश: मी पन भांडायला नाय आलो. बोर्ड वाचायला आलो. ‘बोरघाट बुल्स, आमचा अभिमान.’ सोनेरी अक्षरं. खाली सहा पोरं. आमी किती होतो?

सहदेव: पेंटरनं जागेप्रमाणे बसवलंय.

जगदीश: पेंटरला जागा नेमकी माझ्यावरच कमी पडली. हात मातर राहिला बघा कापायचा. ह्यो बघा, स्वप्नीलच्या खांद्यावर. तुमच्या पोराला भूत लागल्यासारखं दिसतंय.

सहदेव: पूर्वी काका म्हणायचास. आता शेठ.

जगदीश: पूर्वी तुमी माझ्या आयेला म्हणायचात, पोरगं माझ्या ताब्यात दे, त्याची काळजी सोड. मग गावभर झालं, पोरानं मॅच विकली.

सहदेव: मी एका शब्दानं बोललो नाही.

जगदीश: तेच तर.

सहदेव: व्हिडिओ बोलला. सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. शेवटचं मिनिट, तीन-तीन. बरोबरी राहिली असती तरी पुढच्या सीझनला आपण लीगमध्ये होतो. बॉल तुझ्या पायात. तू आपल्याच गोलशेजारच्या कोपऱ्यात मारलास आणि पुढं पळालास. मागं वळून बघितलंसुद्धा नाहीस. बॉल फळीवरून परत आला, ठाण्याच्या पोरानं गोलमध्ये ढकलला. मला सांग, याला लोकांनी काय म्हणायचं?

जगदीश: कुठल्या कोपऱ्यात मारला?

सहदेव: कोपऱ्यात. कोपरा म्हणजे कोपरा.

जगदीश: डाव्या.

सहदेव: बरं, डाव्या.

जगदीश: डाव्या कोपऱ्यात काय व्हतं, शेठ?

सहदेव: हळू बोल. माणसं आहेत बाहेर.

जगदीश: इथं गिरणी व्हती तुमची, भाताची. त्या कोपऱ्यात तुसाची पोती रचलेली, पार पत्र्यापर्यंत. फुटबॉलसाठी चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या तवा ती पोती कोण हलवंल म्हणून तशीच राहिली, पोत्यांना टेकवूनच फळी बसवली. पहिल्याच प्रॅक्टिसला बॉल तिकडं गेला आन मेल्यासारखा खाली पडला. बाकी सगळीकडं टप्पा खाऊन परत येतो, तिथंच येत नाय. कोणाच्या ध्यानात आलं पहिलं?

सहदेव: तुझ्या. मान्य.

जगदीश: आन मी सांगितलं तर तुमी काय म्हणालात? पोती काढू या म्हणालात?

सहदेव: प्रत्येक टीमला आपल्या मैदानाची माहिती असते. त्यात चूक काय आहे?

जगदीश: चूक नव्हती तर मग गळ्याची शपथ का घातलीत सात जणांना? घरात पन बोलायचं नाय म्हणालात. रोज शंभर वेळा मारून घेतला. अंगावर माणूस आला की डोळे मिटून डाव्या कोपऱ्यात मारायचा आन पुढं पळायचं. बॉल तिथंच पडणार, स्वप्नील उचलणार, मला पुढं देणार. पाच मॅचा जिंकलो इथं. बाहेर एक तरी जिंकलो का?

सहदेव: तुला काय पाहिजे ते सांग आणि जा.

जगदीश: सहाव्या मॅचला फळी जिवंत कशी झाली?

सहदेव: तू जोरात मारला असशील.

जगदीश: हां. आठ महिने मी पन तेच म्हणत व्हतो. जोरात बसला असंल. पाय वाकडा पडला असंल. रोज झोपताना तोच बॉल. मलाच वाटाय लागलं, आपन खरंच मुद्दाम तर नाय मारला? काल भट्टीवरचा धाऊ भेटला. वीटभट्टीवर असतो तो, वाडीवरचा. म्हणतो, तुमच्या मॅचच्या दिवशी सकाळी शेठच्या गिरणीतनं तूस आणला आमी. टेंपो भरून.

सहदेव: धाऊ संध्याकाळी सहानंतर काय काय सांगतो ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

जगदीश: मला सकाळी आठला भेटला.

(सहदेवची बायको सुंदरा आतून येते.)

सुंदरा: कोण रं, जग्या? कवा आलास? आये बरी हाय ना तुजी? थांब, चा टाकलाय, तुला पन आणते.

सहदेव: त्याला चहा नको. निघालाय तो.

जगदीश: बरी हाय आये. काकी, एक इचारू?

सहदेव: हिला यात घेऊ नकोस.

सुंदरा: का, मला काय तोंड नाय? इचार रं.

जगदीश: आमची शेवटची मॅच झाली त्या दिवशी सकाळी भट्टीचा टेंपो आलता इथं?

सुंदरा: आलता की. भट्टी लागली व्हती, तूस पायजेल म्हणून पाय धरत व्हता तो भट्टीवाला. भायेरचा ढीग संपलेला. मग मीच म्हटलं, त्या फळीमागं पोती कुजतायत दोन सालांची, उंदरांनी घर केलंय, न्या ती. मागच्या दारानं काढली. फळीला हात नाय लावू दिला हां, तुमचं खेळायचं व्हतं म्हणून. का रं, काय झालं?

जगदीश: काय नाय.

सुंदरा: असा का बघतोस मग?

जगदीश: शेठला म्हाईत व्हतं हे?

सुंदरा: त्याच संध्याकाळी सांगितलं मी. हे हरून आलेले, तोंड पाडून बसलेले. म्हटलं चार गोष्टी बोलावं दुसऱ्या. भट्टीवाल्याला तूस दिला म्हटलं, तर ताट सारलं पुढं नि उठून गेले. मला वाटलं, न इचारता दिला म्हणून राग आला.

जगदीश: त्याच संध्याकाळी.

सहदेव: जगदीश, ऐक.

जगदीश: व्हिडिओ दुसऱ्या दिवशी फिरला. तुमाला आदल्या संध्याकाळी म्हाईत व्हतं.

सहदेव: काय बोलायला पाहिजे होतं मी? आम्ही फळीमागं पोती ठेवून जिंकत होतो, असं? लीगवाल्यांनी पाचही मॅचा रद्द केल्या असत्या. टीमचं नाव गेलं असतं.

जगदीश: टीम हाय कुठं? आपल्यानंतर चार महिन्यांत लीगच बंद पडली. ती पन मीच विकली का?

सहदेव: स्वप्नीलला पुण्याच्या क्लबनं त्या पाच मॅचा बघून घेतलं. कागद झालाय त्याचा दोन वर्षांचा. आज मी उठून म्हणालो की सगळं खोटं होतं, तर त्याचं काय होईल? तू बाप असतास तर काय केलं असतंस?

जगदीश: मी बाप नाय, डिफेंडर हाय. पोराचं सांगता. माझ्या दहावीचं काय?

सहदेव: ती तू सोडलीस. मी नाही सांगितलं सोडायला.

जगदीश: फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ठाण्याला मॅच ठेवलीत. मी इचारलं जाऊ का शाळेत. म्हणालात, प्रोफेशनल झालास आता, शाळेत काय बेंच गरम करणार?

सुंदरा: असं म्हणालात तुमी?

सहदेव: तू आत जा.

जगदीश: मागच्या आठवड्यात नेरळला टर्फवर गेलतो, ट्रायलला. वीस मिनटं खेळलो. कोच खूश. नाव इचारलं, सांगितलं. मोबाईल काढला, बघितला, म्हणाला, तोच ना तू, मागं न बघणारा? बूट काढायला पन नाय थांबलो.

सुंदरा: अगं बाई. म्हणजे त्या पोत्यांनी झालं हे?

सहदेव: पोत्यांनी काही झालं नाही. नशीब म्हणतात याला. जगदीश, ठीक आहे. पेंटरला आत्ता बोलावतो. पूर्ण फोटो बसवतो, तुझ्यासकट. खाली नाव. झालं समाधान?

जगदीश: फोटो नको.

सहदेव: मग बोंबलत कशाला आलास?

जगदीश: नुस्ता फोटो लावलात तर लोक म्हणतील, शेठचं मन मोठं, चोराला पन जागा दिली. उद्या माइकवर एक वाक्य बोला. जग्यानं मॅच विकली नाय. मागं का बघितलं नाय, ते सांगा. बाकी तुमचा अभिमान तुमाला लखलाभ.

सहदेव: उद्या आमदारांची माणसं येणार, पुण्यावरून क्लबचे लोक येणार, स्वप्नील येणार. त्यांच्यासमोर मी पोत्यांची गोष्ट सांगू?

जगदीश: स्वप्नीलला पन म्हाईत हाय ना?

सहदेव: त्याचं नाव घेऊ नकोस.

जगदीश: त्याचा फोन आठ महिने लागत नाय. आता कळलं. मला वाटलं, त्याला लाज वाटतीय माझी.

सहदेव: निघ तू. आणि उद्या इथं तमाशा केलास तर पोलिसांत देईन. सांगून ठेवतो.

जगदीश: देशील रं, तू दे. मी उद्या येनारच नाय. जितं मेलेली फळी पन फिरली, तितं माणसावर काय भरवसा ठेवू?

(जगदीश जातो. बाहेर बाईकला तीनदा किक बसते, मग ती सुरू होते.)

सहदेव: बघितलंस? अरेतुरेवर आला. हीच लायकी.

सुंदरा: जेवायला बसायचा हितं. स्वप्नीलच्या ताटात.

सहदेव: ते सोड. उद्या तुला फक्त नारळ फोडायचा आहे. कोणी काही विचारलं तर माझ्याकडं पाठव.

सुंदरा: आठ महिने मला बी नाय सांगितलंत.

सहदेव: सांगून काय झालं असतं? तू गप्प बसली असतीस?

सुंदरा: नसते बसले.

सहदेव: म्हणूनच. आपल्या पोराचं बघावं लागतं, सुंदरा. मोबाईल कुठं ठेवला माझा? पेंटरला बोलावतो, तो हात तेवढा पुसून टाकू दे. बरं नाही दिसत.

सुंदरा: राहू द्या तो हात.

सहदेव: अगं, लोक विचारतील कुणाचा म्हणून.

सुंदरा: इचारू देत. मी तितंच उभी असनार उद्या.