भट्टीच्या खोलीचं दार

समारंभाचे अध्यक्ष माननीय बिशपसाहेब, व्यासपीठावरचे आपल्या गावचे मुखिया हाज रजब, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले धर्मगुरू अबूना बिसंती, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी बखूम. सव्वीस वर्षं या चर्चची कुर्बानची, म्हणजे उपासनेत प्रसाद म्हणून वाटायची, भाकरी मीच भाजतो. माझे हात पिठात चालतात, जीभ माइकसमोर चालत नाही. हाज रजब हसताहेत. हसा, हसा! पण तुमच्या ईदची बिस्किटं कोणाच्या भट्टीत भाजली जातात, ते विसरू नका.

अबूना उद्याची उपासना आटोपून वाळवंटातल्या मठात निघाले. त्यांच्याबद्दल काय सांगू? चहात चार चमचे साखर आणि बोलण्यात एकही नाही, असा माणूस. पापकबुलीला गेलं की लांबलचक उपदेश नाही. एक काम सांगायचे. "जा, कर, मग ये."

अकरा वर्षांपूर्वी, मोठ्या उपवासात, मलाही एक काम सांगितलं. माझा थोरला भाऊ वानीस आणि मी वडिलांच्या एका खजुरीच्या झाडापायी सात वर्षं बोलत नव्हतो. अबूना म्हणाले, "बखूम, भावाकडे जा. आजच."

मी म्हटलं, "सण होऊ द्या, अबूना. आणि तो थोरला आहे, त्यानं यावं की!"

"पंचावन्न दिवस दुधाच्या थेंबाला शिवत नाहीस, आणि एवढं ऐकवत नाही होय रे तुला?"

नाही ऐकलं.

आता आपला नियम तुम्हाला ठाऊकच आहे. कुर्बानचं पीठ मळणारा उपाशीपोटी मळतो, तोंडानं स्तोत्रं म्हणतो आणि कोणाशी बोलत नाही. त्याच आठवड्यात रविवारी पहाटे मी भट्टीच्या खोलीत दार लावून मळत होतो. दार वाजलं. तीनदा. "बखूम, अरे दार उघड. मी आलोय." वानीसदादाचा आवाज.

आणि मी काय केलं? स्तोत्र आणखी मोठ्यानं म्हणू लागलो. नियम होता ना! मला कोण नावं ठेवणार? बाहेर तो थोडा वेळ थांबला. "बरं, होऊ दे तुझं," म्हणाला आणि गेला. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं.

तासाभरानं तो कालव्याच्या कडेला पडलेला सापडला. हृदय बंद पडलं होतं. माझ्या भाकऱ्या तेव्हा भट्टीत फुगत होत्या.

तेव्हापासून पीठ मळायला घेतलं की दार वाजतं. मी पिठाच्या हातांनी धावत जाऊन उघडतो. बाहेर कोणी नसतं. पुन्हा मळायला बसलो की पुन्हा वाजतं.

अबूनांना सगळं सांगितलं. वाटलं, शंभर लोटांगणं घालायला लावतील. लोटांगणं सोपी असतात हो! ते म्हणाले, "दिमियानाला सांग." म्हणजे वानीसदादाच्या बायकोला. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्यात. अकरा वर्षं त्या ज्याला त्याला विचारतात, "नवा झगा घालून ते त्या पहाटे चालले कुठे होते?" मलाही विचारलं, माझ्याच घरी जेवताना. मी म्हटलं, "काय माहीत, वहिनी."

दर वर्षी अबूना विचारायचे, "सांगितलंस?" आणि मी म्हणायचो, "सण होऊ द्या." परवा सामान बांधताना त्यांनी विचारलंच नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मला त्याचीच भीती वाटली.

वहिनी, दादा माझ्याकडे आला होता. नवा झगा माझ्यासाठी घातला होता. तो भांडण मिटवायला आला, आणि मी आत असून दार उघडलं नाही.

बिशपसाहेब, संपवतोच आहे. बोलायची संधी दिलीत, सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. दाराचं काय ते मात्र सभेनं नाही, वहिनींनीच ठरवायचं.

अबूना, तुम्ही सांगितलेलं काम केलं. फार उशीर केला.

वहिनी, उद्या पहाटे मी दार उघडं ठेवूनच पीठ मळणार आहे. शिव्या द्यायला या, काहीही बोलायला या. तुम्हाला दार वाजवावं लागणार नाही.